साडूंची कागदी माणसं

माणसाने बसण्यासाठी पाटापासून सोफ्यापर्यंत इतक्या वस्तू शोधून काढल्या, पण त्यांपैकी एकीचेही उपकार न घेता साठीजवळ पोचलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आमच्या आलमबागच्या घरी ते आले की माझी बायको सवयीने "बसा ना भाऊजी" म्हणते. ते "हो, बसतो" म्हणतात आणि गॅलरीत जाऊन कुंड्या फिरवून ठेवतात. चहा आला की कप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जातात, तिथून भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत येतात, आजची तारीख जागेवर आहे याची खात्री करतात आणि परत फिरतात. मी मात्र बैठ्या प्रकृतीचा. एकदा टेकलो की मला उठवायला भूकच लागते. आमच्या सासऱ्यांनी नागपुरात दोन मुलींसाठी दोन जावई शोधले, तेव्हा एकाने कधी बसायचं नाही आणि दुसऱ्याने कधी उठायचं नाही अशी वाटणी करून दिली असावी.

बुद्धपौर्णिमेला लखनौतली आम्ही मराठी मंडळी विहारात जमतो. कोणी रेल्वेतला, कोणी बँकेतला, कोणी माझ्यासारखा सरकारी कंपनीतला. वंदना झाली की थोडा वेळ ध्यान असतं. सगळे डोळे मिटून बसतात. मीही मिटतो, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर थोड्याच वेळात ध्यानाच्याही पलीकडे जातो. जाग येऊन पाहावं तर शेजारची जागा रिकामी. साडू बाहेर दाराशी ओणवे होऊन सगळ्यांच्या चपला जोडीजोडीने लावत असतात, मोठ्यांच्या मागे, लहानांच्या पुढे. एकदा भंतेजी हसून म्हणाले, "गुरुजी, जरा मन स्थिर करा." साडू हातातली कोणाची तरी सँडल खाली ठेवत म्हणाले, "मन स्थिरच आहे भंतेजी. पाय तेवढे ऐकत नाहीत."

ते खरोखरीचे गुरुजी आहेत. माझी मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, रेल्वेच्या कचेरीत. त्यांची बदली लखनौला झाली तेव्हा साडू नागपूरची शाळा सोडून त्यांच्या मागोमाग आले आणि विकास नगरातल्या एका शाळेत तिसरीच्या वर्गाला गोष्टी शिकवू लागले. गोष्टी सगळेच शिकवतात. साडू गोष्टीतली माणसं शिकवतात. म्हणजे गोष्ट संपली की तात्पर्य वगैरे काही नाही. त्यातला म्हातारा कसा होता, राणी कशी होती, कोल्हा कसा होता, हे मुलांनी ओळखायचं आणि सिद्ध करायचं. त्यासाठी साडू चिनहटच्या एका खोक्यांच्या कारखान्यातून खाकी कागदाचं भेंडोळं आणतात. स्कूटरवर ते पुढे उभं धरून येतात तेव्हा लांबून वाटतं की कुठल्यातरी आजारी नातेवाइकाला दवाखान्यात नेताहेत. वर्गात तो कागद जमिनीवर पसरायचा, एका पोराला त्यावर आडवं करायचं, बाकीच्यांनी त्याच्याभोवती खडूने रेघ मारायची. झाला कागदी माणूस. माणसाच्या पोटात त्याचा स्वभाव लिहायचा, आणि रेघेच्या बाहेर पुरावा. पुराव्याशिवाय पोटात एक शब्द जाता कामा नये.

शिवाय त्यांच्या वर्गात "अच्छा" आणि "बुरा" या दोन शब्दांना बंदी आहे. ज्या शहरात दोन माणसं भेटली की निम्मं बोलणं "अच्छा, अच्छा" यातच संपतं, त्या शहरात ही बंदी म्हणजे माशांना पाण्याची बंदी. पण साडू ऐकत नाहीत. "अच्छी तो चाय भी होती है," ते पोरांना म्हणतात. "आदमी कैसा है, वो बताओ." आणि सगळ्यांत मोठा नियम फळ्याच्या डोक्यावर कायमचा रंगवून घेतलेला आहे: एक बार किया तो क़िस्सा, दो बार किया तो आदत. एकदा घडलं तर तो प्रसंग. त्यावरून माणसाला शिक्का मारायचा नाही. दुसऱ्यांदा तेच केलं, तर मात्र खुशाल लिहा. हा नियम त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलेला नाही. "चालता चालता सुचला," असं ते सांगतात, आणि ते खरंच असणार, कारण बसून सुचण्याची सोयच नाही.

हे सगळं वर्गात राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण साडूंनी सगळं लखनौ तिसरीत बसवलं आहे. एकदा त्यांच्या घराजवळच्या बाजारात भाजी घेताना मी सहज बोलून गेलो, "हा भैया लबाड आहे." साडू तिथेच थांबले, म्हणजे जागच्या जागी येरझारा घालू लागले. "कशावरून?" मी म्हटलं, "खालून किडके टोमॅटो घातले ना." "कधी?" "आत्ताच." "मग हा प्रसंग झाला साडूभाऊ. लबाड कसं म्हणता?" मी पिशवी उचलली आणि चालू लागलो. पुढच्या रविवारी सकाळीच त्यांचा फोन आला. आवाजात इतका आनंद, की मला वाटलं पगारवाढ झाली. "आज पुन्हा घातले," ते म्हणाले. "आता म्हणा." स्वतःचे टोमॅटो किडके निघाल्यावर खूश झालेलं गिऱ्हाईक त्या भैयानेही कधी पाहिलं नसेल. ओळखीत एक बारसं होतं, तिथे पाळण्यापाशी कोणी म्हणालं, बाळ किती शांत आहे. साडू पाळण्यात डोकावून म्हणाले, "झोपलंय ते. उठल्यावर बघू." माझ्याबद्दलचा आळशीपणाचा निकाल मात्र त्यांनी एका बैठकीत लावला. मी सोफ्यावरून बायकोला पंखा लावायला सांगितला, आणि ती वळते न वळते तोच पाणी आणायला सांगितलं. साडूंनी दोन बोटं वर केली आणि पुढच्या फेरीला निघून गेले.

तर अशा माणसाच्या मुलीचं लग्न ठरायची वेळ आली.

प्रज्ञा ही त्यांची एकुलती एक. लखनौतच वाढलेली, त्यामुळे मराठी सगळं कळतं आणि उत्तर मात्र हिंदीत येतं. बाप म्हणणार, "जेवलीस का गं?" आणि ही म्हणणार, "हाँ पापा, खा लिया." तिच्याबरोबर शिकलेला अंकित नावाचा कानपूरचा मुलगा तिला पसंत होता. दोघांनाही पुण्यात नोकरी लागली होती. ताईंना मुलगा आवडला, माझ्या बायकोला आवडला, मला तर फारशी हालचाल न करता जमणारं लग्न म्हणून फारच आवडलं. अडून बसले होते ते एकटे साडू, म्हणजे अडून उभे होते. कारण विचारलं तर म्हणाले, "मुलगा बेपर्वा आहे." मी विचारलं, "कशावरून?" आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द उलट दिशेने गेला. साडूंनी माझ्याकडे पाहिलं आणि कुंड्या फिरवायला गॅलरीत गेले.

झालं होतं ते असं. अंकित पहिल्यांदा साडूंच्या विकास नगरच्या घरी आला. ताईंनी शेंगदाणे घालून पोहे केले, चहा पुढे ठेवला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने बाहेर जाऊन ऐकला, आत येऊन "मैं अभी आया" म्हटलं आणि गेला. परत येईपर्यंत पोह्यांचा दगड झाला होता. आल्यावर त्याने माफी मागितली, पण कुठे गेला होता ते सांगितलं नाही. साडूंनीही विचारलं नाही. त्यांनी फक्त निकाल लावला. एका प्रसंगावरून.

पुण्याला रुजू व्हायचे दिवस जवळ आले, तेव्हा ताईंनीच अंकितच्या आईवडिलांना बोलावून घेतलं. शनिवारी दुपारी ते कानपूरहून बसने आलमबागला उतरणार आणि जवळच म्हणून आमच्याच घरी येणार. त्या दिवशी हो किंवा नाही काय ते साडूंनी सांगायचं. प्रज्ञा आदल्या दिवशी मला म्हणाली, "मौसाजी, पापा ने ना कर दी तो मैं शादी नहीं करूँगी. लेकिन फिर पापा से पहले जैसे बात भी नहीं कर पाऊँगी. मुझे अपना पता है." हे ती रडत म्हणाली असती तर मला इतकं लागलं नसतं. ती कपडे वाळत घालताना म्हणाली. माझ्यावर कामगिरी अशी आली, की शाळा सुटली की साडूंना परस्पर शाळेतून उचलून घरी आणायचं, कारण सोडलं तर ते चालत चालत बाराबंकीपर्यंत जातील.

मी लवकरच पोचलो. साडूंनी मला मागच्या बाकावर बसवलं. तिसरीतल्या पोरांचा बाक तो; माझे गुडघे हनुवटीला लागले. भिंतीवर चोहीकडे खाकी माणसं लटकत होती, पोटात "ज़िद्दी", "रहमदिल", "कंजूस" असं काहीबाही लिहिलेली. साडू पहिल्या खिडकीपासून शेवटच्या खिडकीपर्यंत चालत होते. त्या दिवशी पाय नेहमीपेक्षा जोरात होते.

"आज किताब बंद," ते म्हणाले. "आज नई कहानी. एक आदमी था. मान लो, चिनहट में रहता था. उसकी एक बेटी थी."

मी अजून स्वतःची बैठक जमवण्यात गुंतलो होतो. पण गोष्टीत एक तरुण पाहुणा आला, त्याच्यापुढे पोहे आले आणि पोह्यांत शेंगदाणे निघाले, तेव्हा मी गुडघे विसरून कान टवकारले. साडू निकालाच्या दिवशी आपला खटला तिसरीच्या वर्गापुढे चालवत होते. त्यांना बहुधा एवढंच हवं होतं की चाळीस पोरांनी एका आवाजात "लापरवाह" म्हणावं आणि मग छातीठोकपणे आलमबागला जावं.

पण माणूस धंद्याचा पक्का असला की त्याला लबाडी जमत नाही. गोष्ट सांगणाऱ्याने पुरावा लपवायचा नाही, हे त्यांनीच पोरांना वर्षानुवर्षं शिकवलेलं. त्यामुळे मुलगा चहा टाकून गेला हे जसं सांगितलं, तसं तो गेल्यावर बाप काय करत होता हेही सगळं सांगत सुटले. बाप खिडकीपाशी गेला. दाराशी आला, तिथे बेटीच्या चपला वाकड्या होत्या त्या सरळ केल्या. पुन्हा खिडकीपाशी गेला. पुन्हा दाराशी आला, सरळ केलेल्या चपला पुन्हा सरळ केल्या.

"तो बताओ, लड़का कैसा है?"

"लापरवाह," दोनचार पोरं एकदम म्हणाली. साडूंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात शब्द लिहिला. खडू मोडला इतक्या जोरात लिहिला.

"सबूत?"

"चाय छोड़कर चला गया."

"शाबाश."

पुढच्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी हात वर करून बसली होती. ज़ोया तिचं नाव. "सर, दूसरी बार कब किया?"

"दूसरी बार क्या?"

तिने बोलण्याऐवजी फळ्याच्या डोक्यावरच्या नियमाकडे बोट दाखवलं. सगळ्या वर्गाने तिकडे पाहिलं, मग साडूंकडे पाहिलं. साडू म्हणाले, "कहानी में एक ही बार है."

"तो फिर नहीं लिख सकते, सर."

साडूंनी डस्टर घेतलं आणि शब्द पुसला. मागून कोणीतरी विचारलं, "फ़ोन किसका आया था?" साडू म्हणाले, "मालूम नहीं." "आदमी ने पूछा नहीं?" "नहीं पूछा." "क्यों?" ते खिडकीकडे निघाले.

"सर," ज़ोया म्हणाली, "आदमी का लिख सकते हैं. आदमी का दो बार है."

साडू अर्ध्या वाटेत थांबले. आपण आदमीबद्दल काही विचारलंच नव्हतं, असं त्यांचं तोंड झालं. पण सवय सुटत नाही. "क्या लिखोगी?"

"डरा हुआ है."

"किस बात से पता चला?"

"खिड़की पर गया, फिर से गया. चप्पल सीधी की, फिर से सीधी की. नाराज़ होता तो बैठ जाता न, सर. मेरे दादा नाराज़ होते हैं तो खटिया से उठते ही नहीं."

"डर किस बात का?" साडूंनी विचारलं. हे त्यांनी इतक्या हळू विचारलं की मला ते ओठांवरूनच कळलं.

ज़ोयाला प्रश्नाचंच नवल वाटलं. "बेटी चली जाएगी न," ती म्हणाली, आणि पुढचं काही उरलंच नाही अशा थाटात खाली बसली.

मला त्या क्षणी साडूंची इतकी माया आली की त्या छोट्या बाकातून निघता आलं असतं तर मी उठून त्यांच्यापाशी गेलो असतो. इतकी वर्षं आम्ही सगळे त्यांच्या फिरण्याला हसलो. बेचैन स्वभावाचा माणूस म्हणून शिक्का मारून मोकळे झालो. तो कशाने बेचैन आहे, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं. साडू भिंतीकडे तोंड करून एका खाकी माणसाचा सुटलेला कोपरा चिकटवत राहिले, घंटा होईपर्यंत.

एरवी मेट्रोत ते पहिल्या डब्यात चढतात आणि चालत चालत शेवटच्यातून उतरतात. त्या दिवशी दाराशी दांडा धरून उभे राहिले. आलमबाग जवळ आलं तेव्हा मी विचारलं, "काय ठरवलंत?" ते म्हणाले, "विचारायला हवं. फोन कोणाचा होता."

घरात कानपूरची मंडळी लाडूंचा डबा घेऊन अदबीने बसली होती. अंकित खुर्चीच्या कडेवर. मला वाटलं होतं, नमस्कार होतील, पाणी होईल, मग गोष्ट निघेल. साडूंनी चपलाही काढल्या नाहीत. उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, "बेटा, उस दिन फ़ोन किसका था?"

ताईंनी डोळे मिटले. प्रज्ञा म्हणाली, "पापा, प्लीज़."

अंकितचे कान लाल झाले. त्याने आईवडिलांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "दोस्त का था, अंकल. हिम्मत के लिए साथ लाया था. नीचे चाय की दुकान पर खड़ा था. उसने बताया कि मेरी बाइक क्रेन वाले उठा ले गए. उसी की बाइक थी, असल में. मैं माँगकर लाया था."

"तो बताया क्यों नहीं?"

"पहली बार आपके घर आया था, अंकल. कैसे कहता?"

साडू हळूच मराठीत मला म्हणाले, "घाबरलेला होता. लिहू का?"

"एकदाच आहे," मी म्हणालो.

"त्याचं घाबरणं एक आणि माझं एक," साडू म्हणाले, "दोघांत मिळून दोन झाले." मग त्यांनी चपला काढल्या, अंकितच्या बुटांशेजारी नीट लावल्या आणि कानपूरकरांना म्हणाले, "चाय लीजिए, ठंडी हो रही है." प्रज्ञाला तेवढं पुरलं. ती आत गेली, आणि बराच वेळ नळ नुसताच वाहत होता.

लग्न झालं. दोघं पुण्याला निघाली त्या दिवशी आम्ही सगळे स्टेशनवर गेलो होतो. गाडी दिसेनाशी झाली आणि मी वळून पाहिलं, तर साडू फलाटावरच्या बाकावर बसलेले. दोन्ही हात मांडीवर, पाय जमिनीला टेकलेले. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी स्वतःला समजावलं, एकदा घडलं तर प्रसंग.

पुण्यातून प्रज्ञाचा रोज फोन येतो. गंमत म्हणजे जन्मभर बापाला हिंदीत उत्तर देणारी पोरगी आता सांगते, "पापा, मी घरी आले. जेवले पण." साडू हे मला फोन करून सांगतात आणि लगेच ठेवून देतात.

गेल्या रविवारी संध्याकाळी काही निमित्त नसताना मी विकास नगरला गेलो. दार उघडंच होतं. बाहेर चपला वेड्यावाकड्या पडल्या होत्या. आत खिडकीपाशी, ज्या खुर्चीवर आजवर फक्त इस्त्रीचे कपडे बसले, तिच्यात साडू बसले होते. रस्त्याकडे बघत होते. चहाचा कप शेजारी तसाच. मी दारात उभा राहिलो. दोनदा झालं होतं. त्यांच्याच नियमाने आता लिहायला हरकत नव्हती. मला ते लिहायचं नव्हतं. हा माणूस घरभर फिरत होता तेव्हा मला त्याचा वैताग यायचा. आता त्याने सगळ्या शहराच्या चपला लावाव्यात, माझ्या कुंड्या फिरवून फिरवून मारून टाकाव्यात, पण त्या खुर्चीतून उठावं, असं मला फार वाटलं.

"उठा साडूभाऊ," मी म्हणालो. "भाजी आणू."

त्यांनी मान वळवली. "तुम्ही? भाजीला?"

"चालत जाऊ. त्या लबाडाकडेच जाऊ."

ते खुर्चीचे हात धरून सावकाश उठले आणि दाराशी येऊन चपला शोधू लागले. एक पाय घालून झाल्यावर माझ्याकडे संशयाने बघत म्हणाले, "हे एकदाच आहे, साडूभाऊ."

"पुढच्या रविवारी परत येतो," मी म्हणालो.